मजल्यांच्या मधला सूर

ते भांडण तिने ऐकलं तेव्हा ती पलंगाखाली होती. दुपारची वेळ, शाळेला सुट्टी. पलंगाखालची फरशी गार असते, म्हणून ती तिथे पालथी पडून बाहुलीला झोपवत होती. आईबाबांना वाटलं, पोरगी बाहेर खेळतेय. पोरं घरात नाहीत असं वाटलं की मोठी माणसं खरं बोलतात.

तिला दिसत होते फक्त पाय. आईचे ओट्यापाशी, बाबांचे दारापाशी. बाबांच्या एका मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता, जणू त्यालाही ऐकायचं होतं.

"ही बासरी या घरात पुन्हा वाजली ना, तर मी शेगडीत घालीन. आधीच सांगून ठेवते."

"घाल की."

"घालीनच."

"मग घाल. वाळलेला बांबू आहे, छान पेटेल."

"दिवसभर लोकांना वर पोचवता, आणि इथं मात्र..." पुढचं एका पातेल्याच्या आदळण्यात गेलं. मोजे बाहेर गेले. दार लागलं. आई एका पायाने दुसरा पाय खाजवून कामाला लागली.

एवढंच. पण पोरीच्या मनाने तेव्हाच निकाल लावून टाकला, की आईला बासरीचा राग आहे. लहानपणी लावलेले निकाल कुणी परत उघडून बघत नाही. ते तसेच पेटीच्या तळाशी पडून राहतात.

बाबा लिफ्टवाले होते. शहरातल्या एका उंच, जुन्या कचेरीच्या इमारतीत लोखंडी जाळीच्या दाराची लिफ्ट होती, आणि तिच्यात एका स्टुलावर बसून ते दिवसभर दांडा फिरवत. बासरी त्यांनी स्वतः केली होती. कुठूनसा बांबू आणला, स्क्रू पिळायचा पेचकस लालभडक तापवला आणि अंदाजाने भोकं पाडली. भांडणानंतर ती बासरी घरी कधी वाजली नाही, लिफ्टमध्ये वाजायला लागली. लिफ्ट रिकामी असली की ते हळूच फुंकायचे, आणि सूर त्या उंच पोकळीतून वर वर जायचा. पाचव्या मजल्यावरच्या टायपिस्ट बायका म्हणायच्या, भिंत गुणगुणतेय. पोरगी बाबांचा डबा घेऊन जायची आणि त्यांच्या पायाशी बसून राहायची. बाहेर मजले सरकायचे, उजेडाची एक पट्टी वरून खाली जायची, पुन्हा एक पट्टी, आणि त्या सगळ्यातून बासरी. तिला वाटायचं, आपण हललेलोच नाही, इमारतच पाण्यात बुडतेय आणि वर येतेय.

बाबा गेले तेव्हा बासरी तिच्याकडे आली. मागितली कुणी नव्हती, दिलीही कुणी नव्हती. ती फक्त तिच्या कपाटात दिसायला लागली.

एव्हाना गल्ली तिला काजताई म्हणत होती. कोटांना हाताने काज करायचं तिचं काम. कापडाला चीर द्यायची आणि तिच्या कडेने रेशमी दोऱ्याचे टाके असे दाटीने घालायचे की मुंगीलाही मधून जाता येऊ नये. कोपऱ्यावरचे टेलरकाका रोज संध्याकाळी कोट द्यायचे आणि झालेले घ्यायचे. लग्न झालं नाही. का, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "सुईत दोरा ओवत होते, तेवढ्यात वरात निघून गेली." लोक हसायचे आणि पुढचं विचारायचं विसरायचे.

आई बाजारात गेली की ती बासरी वाजवायची. वाजवत वाजवत जरा बरी वाजायला लागली, आणि जरा बरं वाजायला लागलं की माणसाचं समाधान जातं. म्हणून ती मास्तरांकडे जायला लागली. मास्तरांचा वर्ग चपलांच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. खालून नव्या चामड्याचा वास यायचा, वरती दहाबारा माणसं ओळीने बसून फुंकायची. वर्षातून एकदा, थंडी सरताना, सगळे मिळून वाचनालयाच्या अंगणात वाजवायचे. काजताई दर वर्षी तिथे खुर्च्या मांडायची आणि ऐकायला बसायची.

या वर्षी तिने धीर केला. "मास्तर, मी बसू का सगळ्यांत?"

मास्तर तिची बासरी हातात घेऊन फिरवत राहिले. "फुंक छान आहे तुमची. बोटंही ऐकतात. पण ही बासरी खोटी आहे."

"खोटी कशी? बाबांनी केलेली आहे."

"बाबा खरेच असतील हो. त्यांचं हे खालून दुसरं भोक बघा, जरासं घसरलंय. त्यामुळे सातवा सूर दर वेळी उतरतो. एकट्यानं वाजवलं तर चालून जातं. सगळ्यांत बसलात तर बाकीचे अकरा जण खोटे वाटतील." मग त्यांचाच आवाज मऊ झाला. "चांगली घ्या एखादी. वेळ आहे अजून. नाहीतर यंदाही खुर्च्या आहेतच."

ती घरी आली आणि कोट मांडीवर घेऊन बसली. काज एक दोरा जरी सरकलं तरी अख्खा कोट खांद्यातून वाकडा दिसतो, हे तिला कळत होतं. आणि तरीही मास्तरांचं बोलणं तिच्या घशाखाली उतरेना. बाबांचा फोटो काळवंडला होता, आवाज तर कुणी साठवलाच नव्हता. जे काही उरलं होतं ते या बांबूत होतं. पण खुर्च्याही तिला आता मांडवत नव्हत्या.

बासरीवाल्यांचं दुकान नदीकाठच्या रस्त्याला होतं. म्हणायला दुकान, नाहीतर एक लांबट, अंधारी खोली. छतापासून बासऱ्या दोऱ्यांनी टांगलेल्या. दार उघडलं की वारा आत शिरायचा आणि त्या सगळ्या अगदी हळू, झोपेत कूस बदलल्यासारख्या, एक श्वास टाकायच्या. जळक्या बांबूचा गोडसर वास यायचा. बासरीवाले म्हातारे होते आणि त्यांचे कान इतके मोठे होते की चष्मा त्यांच्यावर आरामात बसला होता.

"आधी काखेत धरा," त्यांनी बासरी पुढे केली.

"काय?"

"काखेत. ऊब द्या तिला. थंड बासरी थापा मारते."

काजताई एक बासरी काखेत धरून, ताप बघायला बसल्यासारखी, मुकाट्याने बसली. मग वाजवली. वरचे सूर मधासारखे आले. सातवा आला आणि तिचा चेहरा आंबट झाला.

"हिचा सातवा चढा आहे."

बासरीवाल्यांनी दुसरी दिली. तिचाही चढा. तिसरी, चौथी. जाड, बारीक, पिवळी, तपकिरी. प्रत्येकीची काखेत ऊब, प्रत्येकीचा सातवा चढा. शेवटी बासरीवाल्यांनी चष्मा काढून पुसला.

"ताई, माझ्या सगळ्या पोरी खोट्या, आणि तुम्ही एकट्याच खऱ्या?"

ती हातातली बासरी परत द्यायला लागली.

"तसं नाही हो," बासरीवाले म्हणाले. "वाजवणाऱ्याला स्वतःची बासरी नीट ऐकूच येत नाही. त्याला आपली सवय ऐकू येते. पुढच्या खेपेला कुणालातरी बरोबर आणा. लांब बसून ऐकणारं माणूस. घरी कोण आहे?"

"आई आहे फक्त."

"तिला बासरी आवडते?"

"मुळीच नाही."

"झकास. आवड असणारी माणसं लगेच वा वा करतात. आईला घेऊन या."

आईला सांगायचं तर तिच्या जिवावर आलं. तीन दिवस ती शब्द तोंडात घोळवत राहिली आणि चौथ्या दिवशी भाजी निवडताना एकदम म्हणून गेली, "आई, मला बासरी घ्यायचीय. तू ऐकायला येशील?"

आईला आता नीट दिसायचं नाही. ती बोटांनीच पानं निवडत होती. बोटं थांबली नाहीत.

"रिक्षाने जायचं असेल तर येते. चालत नाही जमणार."

दुकानात एक रिवाज होता. ऐकणाऱ्याने भिंतीकडे तोंड करून बसायचं, बासरी बघायची नाही, किंमत विचारायची नाही. आई स्टुलावर बसली, शाल आवळली आणि भिंतीला म्हणाली, "हं. होऊ दे."

आता काजताईने काय केलं, तर बाबांची बासरी पिशवीतून बरोबर आणली होती. नव्या चार बासऱ्यांच्या मधेच ती वाजवायची असं तिने ठरवलं होतं. बघू या, आईला तरी वेगळं काही कळतं का. नाही कळलं, तर मास्तरांनाच सांगू की तुमचेच कान फार बारीक. मनात चोर होता, म्हणून पिशवीचं तोंड तिने घट्ट धरून ठेवलं होतं.

पहिली वाजवली. आईने हात हलवला, पुढची. दुसरी वाजवली. आई म्हणाली, "ही जरा नाकात बोलते." बासरीवाल्यांनी ती निमूटपणे खुंटीला परत टांगली.

तिसऱ्या खेपेला काजताईने बाबांची बासरी ओठांना लावली. तीच लिफ्टमधली चाल. सूर एकेक पायरी चढत गेला, पाचवा, सहावा, आणि सातव्याला पोचला न पोचला तोच आईचा हात वर झाला.

"थांब. लिफ्ट अडकली."

काजताईची बोटं भोकांवरच राहिली.

"ही तुझ्या बाबांची आहे," आई भिंतीलाच म्हणाली. "मला फसवतेस होय, चिमणे?"

"तुला कशी कळली?"

"कशी म्हणजे? बारा महिने तेरा काळ ऐकलीय मी. त्यांना म्हटलं होतं, दिवसभर लोकांना वर पोचवता, आणि इथं मात्र तुमचा तो एक सूर रोज मजल्यांच्या मधेच अडकतो. माझा जीव अडकून राहतो हो त्याच्यात. दुसरी आणा, चांगली आणा. तर म्हणाले, ही माझ्या हातची आहे. मी म्हटलं, हातची आहे म्हणून कान विकायचे का? झालं. रागावून जे गेले ते लिफ्टमध्येच वाजवत बसले."

काजताईच्या हातातली बासरी खाली आली. "म्हणजे तुला बासरीचा राग नव्हता?"

"राग? अगं, मी रोज कामं आटोपून त्या कचेरीसमोरच्या बाकावर जाऊन बसायचे. त्यांना ठाऊक नव्हतं. रस्त्यावर यायची ऐकू. वरचे सगळे सूर छान यायचे, आणि तो सातवा आला की मी मनातल्या मनात त्याला ढकलायचे वर." आईने शालीचं टोक डोळ्यांना लावलं आणि लगेच झटकलं. "चल, पुढची वाजव. रिक्षावाला ताटकळलाय."

चौथीही परत खुंटीला गेली. मग बासरीवाल्यांनी कोपऱ्यातून एक साधी, गडद रंगाची बासरी काढली, बारीक भेग सांधून दोऱ्याने घट्ट गुंडाळलेली. काजताईने काखेत ऊब दिली. वाजवली. पाचवा, सहावा. सातव्यापाशी तिची फुंक सवयीने खाली वाकायला लागली, आणि तिने डोळे मिटून आईची पाठ आठवली, बाकावर बसलेली, मनातल्या मनात ढकलणारी. तिने फुंक सरळ ठेवली. सूर वर गेला आणि तिथेच राहिला.

आईचे खांदे खाली आले, जिना चढून घर गाठल्यावर येतात तसे.

"ही," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी घरी आईने चहा घेतला, कप बाजूला सारला आणि म्हणाली, "आता ती लिफ्टवाली वाजव."

"तुझ्यासमोर?"

"मग काय पलंगाखाली जाऊन वाजवणारेस?"

काजताई दचकली. पण आईचं तोंड दुसरीकडेच होतं. तिने बाबांची बासरी वाजवली. आणि सातव्यापाशी आल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा, तो खाली असल्याचं तिला स्वतःला ऐकू आलं. इतकी वर्षं जे घर सरळ वाटत होतं, त्याची एक भिंत कललेली आहे असं कळावं, तसं. आई हळूच हसली. "बघ, अजून तिथेच आहेत ते," ती म्हणाली. "दोन मजल्यांच्या मधे."

वाचनालयाच्या अंगणात थंडी सरत आली होती. झाडांखाली खुर्च्या मांडल्या होत्या, दुसऱ्या कुणी. काजताई वाजवणाऱ्यांच्या मागच्या ओळीत बसली. पायाशी कापडी पिशवी होती, तिच्यात दोन कोट घडी घालून ठेवलेले. बासरी तिने शालीखाली काखेत धरली होती. शेजारच्या बाई बघत होत्या, तिने त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं.

सगळ्यांनी मिळून सुरुवात केली. अकरा श्वास आणि बारावा तिचा. सूर एकमेकांचे हात धरून वर चढायला लागले, आणि तिला पुन्हा ती जाळीची लिफ्ट दिसली, उजेडाच्या पट्ट्या खाली जाताना दिसल्या. सातवा जवळ आला. इथं चुकली तर बाबाही चुकतील आणि बाकीचे अकराही. समोर, अगदी पहिल्या ओळीत, एक म्हातारी खुर्ची उलटी फिरवून बसली होती. वाजवणाऱ्यांकडे पाठ, तोंड मागच्या भिंतीकडे. मास्तर मघाशी तिला नीट बसवायला गेले होते आणि ती म्हणाली होती, "मी ऐकायला आलेय, बघायला नाही."

काजताईने त्या पाठीकडे बघत फुंक सरळ ठेवली.

म्हातारीचे खांदे खाली आले.

वाजवणं संपल्यावर मास्तर पुढे आले, काहीतरी बोलायच्या बेतात होते. पण काजताईने पिशवी खांद्याला लावली होती. "उद्या बोलू, मास्तर. टेलरकाका दुकान बंद करतील."

आईला तिने वाचनालयाच्या दारापाशी बाकावर बसवलं आणि कोपऱ्यावर गेली. टेलरकाकांनी कोट उलगडला, उजेडाकडे धरला, एक बटण घेऊन काजातून आत सारलं, बाहेर काढलं, पुन्हा सारलं, रोजच्यासारखं. मग उद्याचे कोट आणि काळ्या रेशमी दोऱ्याचं एक रीळ तिच्या पिशवीत टाकलं, बासरीच्या शेजारी.

"आई एकटी बसलीय," ती म्हणाली आणि निघाली.