आतून न उघडणारं दार घेऊन नामपूरला

नाशिक ते नामपूर हा काही कुणी ब्लॉगवर लिहावा असा प्रवास नव्हे. वाटेत किल्ला चढायचा नाही, धबधबा नाही, फोटोची जागा तर नाहीच. तरी लिहितेय, कारण त्या दिवशी बसलेला धक्का अजून पचलेला नाही.

आमच्याकडे बाबांची जुनी मोटार आहे. वय माझ्याहून जास्त, गिअर स्टिअरिंगपाशी, पुढची सीट सोफ्यासारखी सलग. तिची एकच खोड. पुढचं डावं दार आतून उघडत नाही. हँडल जरासं फिरतं आणि अडतं. मग बाबा उतरतात, वळसा घालून येतात आणि आईला बाहेरून दार उघडून देतात. सोसायटीतल्या बायका आईला म्हणतात, नशीबवान आहात. दर दसऱ्याला गाडीची पूजा झाली की बाबा त्या हँडलच्या खाचेत समईतलं तेल सोडतात आणि म्हणतात, "आता सुटेल." छत्तीस वर्षं सुटलेलं नाही.

गेल्या महिन्यात बाबा बँकेत गेले आणि आई भर उन्हात गाडीत अडकली. काच खाली करायचं हँडल तिच्या हाताला जड, आणि गुडघ्यांमुळे सरकून पलीकडे जाता येईना. बाबा परत आले तेव्हा ती घामाने निथळत रडत होती. त्याच दिवशी तिने निकाल दिला, "एक तर हे दार आतून उघडेल, नाहीतर गाडी विकायची." गाडी म्हणजे बाबांचा जीव की प्राण. मी पुण्याहून रजा टाकून आले.

सातपूरला दोन गॅरेजं पालथी घातली. तिसरीकडचा मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, याचं लॅच आता मिळत नाय. नामपूरच्या दगाभाऊंना दाखवा. इथंच फिटर होते, आता गावाला गेलेत." नामपूर म्हणजे आईचं माहेर, मामा तिथेच राहतो. दाराचंही होईल आणि मामाकडचं जेवणही, म्हणून मी उडीच मारली. बाबा मात्र "एवढ्या लांब कशाला, मी तेल सोडतो ना," करत राहिले. मला वाटलं, गाडीला प्रवास झेपेल की नाही याची काळजी. किती भोळी मी!

सकाळी सहाला निघालो. आग्रा रोडने पिंपळगाव, पुढे सोग्रस फाट्याला डावीकडे वळून भावडबारीचा घाट, मग देवळा, सटाणा आणि नामपूर. तुमच्या गाडीने तीन तास धरा, आमच्या गाडीला साडेचार लागले. फाट्याजवळ मिसळ खाल्ली. रस्सा असा की नाक वाहायला लागलं. तिखट झेपत नसेल तर आधीच दही मागून घ्या. घाटात बाबांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. गाडी वीसच्या वर जाईना, आणि एका वळणावर त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

नामपूरच्या तोंडाशी कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग. बाजाराच्या दिवशी जाणार असाल तर अर्धा तास जास्तीचा ठेवा. मामा ओट्यावरच उभा होता. हा ओटा आमच्या घरात बदनाम आहे. मी साडेतीन वर्षांची असताना बाबा मला एकटे घेऊन इथे आले होते आणि मी ओट्यावरून पडले. हनुवटीला तीन टाके. मामाने नंतर लोखंडी कठडा बसवला, तरी आई दर भाऊबीजेला त्याला सुनावतेच. याही वेळी पाय ठेवताच म्हणाली, "याच ओट्यानं माझ्या पोरीचं तोंड फोडलं." मामा नेहमीसारखा हसला.

दगाभाऊ अंगणातच आले. सत्तरीचे, कानावर बिडी खोचलेली. दाराचं आतलं आवरण त्यांनी सोडवलं आणि नाक मुरडलं. आत तेल आणि हळदकुंकवाचा काळपट लगदा.

"हाई लॅच नही, हाई लोणचं शे," दगाभाऊ अहिराणीत म्हणाले.

आम्ही सगळे हसलो. बाबा सोडून.

दगाभाऊंनी लगदा पुसला आणि थांबले. "दार खराब नही. दार बांधेल शे." म्हणजे बांधलेलं. हँडलपासून लॅचकडे जाणारी सळई कुणीतरी काढून तांब्याच्या तारेने आवळून बांधली होती. एकावर एक सात वेढे. "हाई तार कोनी बांधी?"

मग बाबा म्हणाले, "मी."

आई बघतच राहिली.

"भावडबारीत," बाबा खाली बघत म्हणाले, "हिने हँडल ओढलं. दार उघडलं. ही बाहेर. गाडी चढावर होती म्हणून वाचली. ओट्यावरून नाही पडली ती. तुला सांगायची छाती झाली नाही. रात्री दार बांधून टाकलं."

"आणि तेल?" आईने विचारलं.

"तुला संशय येऊ नये म्हणून."

माझा हात हनुवटीवर गेला होता. छत्तीस वर्षं मी ज्या ओट्याची गोष्ट मैत्रिणींना रंगवून सांगितली, त्या ओट्यावरून मी कधी पडलेच नव्हते. राग आला, भीती वाटली, आणि चालत्या गाडीतून पडलेल्या त्या लहानग्या मुलीची, म्हणजे माझीच, फार कीव आली.

आई मामाकडे वळली. "बापू, तुला ठाऊक होतं?"

"होतं ना, अक्का."

"मग इतकी बोलणी खाल्लीस ती कशाला?"

"दाजी तेव्हा इथं बसून पोरासारखे रडत होते. तू ऐकलं असतं तर त्याच रात्री माहेरी आली असतीस. ओट्याचं काय, दगडाचा हाय. त्याला शिव्या लागत नाय."

आईने ओट्याच्या कठड्यावरून हात फिरवला. जेवताना तिने मामाच्या ताटात स्वतःच्या हाताने दुसऱ्यांदा पुरणपोळी वाढली. बाबांना वाढली नाही.

दगाभाऊंनी सळई जोडली, रॉकेलने लॅच धुतलं, ग्रीस लावलं आणि दोनशे रुपये घेतले. वर लहान मुलांना आतून दार उघडता येऊ नये म्हणून वेगळी कडी बसवून दिली. हे आधीच करता आलं असतं, हे ऐकून बाबांचा चेहरा पाहवेना.

परतीच्या वाटेवर सटाण्याला डाळिंबं घेतली. भावडबारीत बाबांनी न सांगता गाडी बाजूला घेतली. आई आतून दार उघडून एकटीच उतरली, वळणावर थोडा वेळ थांबली, डोळे पुसून परत आली.

नाशकात पोहोचलो. सवयीप्रमाणे बाबा वळसा घालून डाव्या दारापाशी आले, तोच आईने आतून हँडल ओढलं. दार थेट त्यांच्या गुडघ्यावर.

"लागलं?" आईने विचारलं.

"लागलं."

"कुणी विचारलं तर सांगा, ओट्यावरून पडलो."

गाडी विकायचं मात्र तिने पुन्हा काढलं नाही.