विजयाकाकूंचा बत्ता

विजयाकाकू दार उघडायच्या त्या हातात लोखंडी बत्ता घेऊनच. मग पोस्टमन असो की शेजारीण. नागपूरहून अमेरिकेत, नेपरव्हिलला आणलेला तो बत्ता हॉलमध्ये बुद्धाच्या मूर्तीशेजारी उभा असायचा. "काकू, बुद्धाशेजारी बत्ता?" असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, तर म्हणाल्या, "ते शांत आहेत ना, म्हणून मले रेडी राहावं लागते."

काकू आईची नर्सिंग कॉलेजातली मैत्रीण. त्यांच्याकडे मी आले ती फुटलेला ओठ घेऊन, शेजारच्या इंडियाना राज्यातून बसनं. बाबांचा हात कधीही सुटायचा. मार्क कमी पडले म्हणून, फोन वाजला म्हणून, एकदा तर वरणात मीठ जास्त झालं म्हणून आईवर, आणि मध्ये पडले म्हणून माझ्यावर. काकूंनी ओठाला बर्फ लावला आणि एवढंच म्हटलं, "काऊन मार खाऊन राहिली तू? इथं भाकर आहे ना खायले."

मी किराणा दुकानात नोकरी धरली, वर्ष काढलं आणि इथल्या सरकारी युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर मिळवली. पण फी लागली परराज्यातल्या मुलांची, दुपटीहून जास्त. मुलगी स्वतंत्र राहते हे सिद्ध होईपर्यंत बापाचं राज्य तेच तिचं राज्य, असा नियम. शिवाय बाबा टॅक्समध्ये मला अजून आपल्यावर अवलंबून दाखवत होते. युनिव्हर्सिटीच्या ऑफिसनं पुरावा म्हणून भाडेकरार मागितला. तो कुठून आणणार? भाड्याचं नाव काढलं की काकू पेटायच्या, "घरच्या पोरीकडून भाडं? मी हॉटेल चालवून राहिली काय?" त्यांच्या मायेनंच माझा घात केला होता. इन-स्टेट, म्हणजे इथल्या मुलांची कमी फी मिळाली नाही, तर परत इंडियाना, परत बाबा. मी अपील केलं आणि धास्तावून वाट बघत बसले.

आईच्या तोंडून हे बाबांना कळलं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी भर दुपारी ते दारात उभे राहिले. काकूंनी दार उघडलं, अर्थात बत्त्यासकट.

"माझी मुलगी आहे ती. आमच्याकडे तिला इन-स्टेट मिळतं. घेऊन चाललोय."

"असन तुमची. राहते माह्या घरी."

बाबांनी त्यांना ढकललं, माझे केस धरले आणि मला पायऱ्यांवरून खाली बर्फात ओढलं. काकूंनी मागून बत्ता घातला. तो बाबांच्या खांद्यात बसला आणि माझे केस सुटले. मग बाबांनी बर्फ काढायचं फावडं उचललं आणि काकूंच्या उजव्या हातावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. काकू बत्ता डाव्या हातात घेऊन म्हणाल्या, "डाव्या हातानं माहा नेम नाही लागत. खांद्यावर मारीन, डोक्यात बसन. पाहा बाप्पा." बाबा जागीच थबकले. बसू दे डोक्यात, असंच मला त्या वेळी वाटलं.

शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. बाबांना बेड्या घातल्यावर पोलिसानं काकूंना विचारलं, या घरात कोण कोण राहतं? काकूंनी माझ्याकडे मान वळवली. "शी लिव्ह्ज विथ मी. राइट इट डाउन."

अपिलाच्या दिवशी त्या प्लास्टर घेऊन सोबत आल्या. वडील खर्च करत नाहीत कशावरून, असं टेबलापलीकडच्या बाईंनी मला विचारलं. काकूंनी प्लास्टरचा हात दाणकन टेबलावर आपटला. पाण्याचा ग्लास उलटला. "फादर काय देतो विचारता? धिस. धिस इज व्हॉट फादर गिव्ह्ज." मी पोलिसांचा रिपोर्ट पुढे सरकवला, पण बाई त्या हाताकडेच बघत राहिल्या. मला इन-स्टेट फी मिळाली.

काकूंचा हात मात्र पुन्हा नीट वळला नाही. ठेचा मीच कुटायचे आणि त्या खुर्चीतून ओरडायच्या, "हळू काऊन कुटून राहिली? बाप समजून कुट!"

मागच्या हिवाळ्यात त्यांना स्ट्रोक आला. हॉस्पिटलच्या काउंटरवर विचारलं, पेशंटच्या तुम्ही कोण? मुलगी म्हणावं तर आडनाव वेगळं. तेवढ्यात स्ट्रेचरवरून जड जिभेनं, पण नेहमीच्याच दरडावणीनं काकू म्हणाल्या, "शी लिव्ह्ज विथ मी. राइट इट डाउन."

ते त्यांचं शेवटचं बोलणं.