तिसाव्या पानावरचा खुनी

वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी करणाऱ्या बाईंना वर्तमानपत्राच्या कचेरीत सगळे ‘कात्री’ म्हणत. बाईंना हे माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. अठरा वर्षं त्या रविवारच्या पुरवणीत नव्या पुस्तकांवर सदर लिहीत होत्या. चार भिंतींच्या आत घडणाऱ्या, माणसं कमी बोलतात आणि जास्त सोसतात अशा कादंबऱ्या त्यांना प्रिय. खून, भुतंखेतं, पहिल्या भेटीत प्रेमात पडणारे देखणे डॉक्टर यांच्या वाटेला त्या जात नसत. कुणी तसलं पुस्तक गळ्यात मारलंच, तर दोन तासांत त्याचा निकाल लावत.

त्या सोमवारी पुरवणीच्या संपादकांनी टेबलावरून एक जाडजूड पुस्तक त्यांच्याकडे सरकवलं. मुखपृष्ठावर अर्धवट उघडलेलं दार आणि एक चप्पल.

“मला खून पचत नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे,” बाई म्हणाल्या.

“रहस्यकथा बघणाऱ्या आपल्या गृहस्थांचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय. गुरुवारी चारच्या आत द्या. आणि जरा झणझणीत होऊ द्या, मागच्यासारखं.”

मागच्यासारखं म्हणजे काय, हे बाईंना लेखकाचं नाव वाचताक्षणी कळलं. नऊ वर्षांपूर्वी याच लेखकाच्या पहिल्या कादंबरीवर त्यांनी लिहिलं होतं, ‘खुनी कोण हे वाचकाला तिसाव्या पानावर कळतं, लेखकाला कळायला अडीचशे पानं लागतात.’ ती ओळ गाजली होती. अनोळखी माणसं समारंभात येऊन ती त्यांना म्हणून दाखवायची.

त्यांनी पुस्तक उलटं केलं. मलपृष्ठावर या वेळी लेखकाचा फोटो होता, आणि तो चेहरा त्यांच्या ओळखीचा निघाला. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी वाचनालयाची लिफ्ट तपासायला येणारा मेकॅनिक! तोच उभा चेहरा, त्याच पांढऱ्या होत चाललेल्या मिश्या. काम झालं की रजिस्टर पुढे करायचा, ‘सही’ एवढंच म्हणायचा, आणि बाई न बघता सही ठोकायच्या. त्यांचं नाव तो दर रविवारी पेपरात बघत असणार आणि दर महिन्याला स्वतःच्या रजिस्टरात. नऊ वर्षांत अवाक्षर काढलं नव्हतं त्यानं.

उद्याच महिन्यातला पहिला मंगळवार होता.

घरी बाई आणि त्यांची थोरली नणंद, अशा दोघीच. नणंदेचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या तारा जोडण्यात गेला. आता गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे त्या दिवसभर खुर्चीत बसून रहस्यकथांचा फडशा पाडत. बाईंच्या आवडीच्या कादंबऱ्यांना त्या ‘तुझी उसासे घेणारी पुस्तकं’ म्हणत.

“वन्सं, हे जरा वाचाल? यात चांगलं काय नि वाईट काय, मला धड कळायचं नाही.”

नणंदेनं नाव बघितलं आणि भुवई उंचावली. “याचं पहिलं आहे माझ्याकडे. तू टाकून दिलं होतंस, मी उचललं. छान होतं की.”

“छान? तिसाव्या पानावर तो डॉक्टर खुनी आहे हे शेंबड्या पोरालाही कळेल.”

“डॉक्टर?” नणंदेनं चष्मा काढला. “अगं, डॉक्टर कुठला खुनी? तिसाव्या पानावर त्याचा संशय यावा म्हणून तर सगळा खटाटोप केलाय. खून घरमालकिणीनं केलेला असतो. आणि ते कळल्यावर मागचं सगळं नव्यानं दिसायला लागतं.” मग हलक्या आवाजात, “तू पुरतं वाचलं होतंस ना?”

बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि उगाचच ओटा पुसत राहिल्या. नव्वदाव्या पानावर पुस्तक मिटल्याचं त्यांना स्वच्छ आठवत होतं. मुखपृष्ठ उपडं घालून त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला होता, हेसुद्धा.

मंगळवारी अकरा वाजता मेकॅनिक आला. वरच्या मजल्यावरून लोखंडावर लोखंड आपटल्याचे आवाज येत राहिले आणि दर ठोक्याला बाईंचा हात थबकत राहिला. एकच पुस्तक त्यांनी दोनदा नोंदवलं. तासाभरानं तो खाली आला, चिंधीनं हात पुसले, रजिस्टर पुढे केलं.

“सही.”

बाईंनी मान वर केली. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याच्या डोळ्यांत बघितलं. त्याच क्षणी त्यालाही कळलं, की यांना कळलंय. दोघांपैकी कुणीच पापणी हलवली नाही. बाईंनी पेन उचललं. त्यांनी सही केली, ती रेघेबाहेर गेली.

“दुसऱ्या मजल्यावर दार जरा अडतंय,” तो म्हणाला. “पुढच्या खेपेला बघतो.” आणि गेला.

बुधवारी बाईंनी रजा टाकली. सकाळी कागदाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं ‘मला आवडलं नाही’, उजवीकडे ‘पुस्तकात जमलं नाही’. मग नवी कादंबरी पहिल्या पानापासून, एकही ओळ न गाळता वाचायला घेतली. नणंदेनं ती आदल्या दिवशीच संपवली होती. आता त्या समोर खुर्चीत, न्यायाधीशासारख्या.

“माणसांच्या मनात काय चाललंय ते सांगतच नाही हा,” बाईंनी उजवीकडे लिहायला घेतलं.

“सांगितलं तर खुनी पहिल्याच पानावर सापडेल. घाल डावीकडे.”

“पोलिसांची चौकशी लांबलीय.”

“मलाही कंटाळा आला तिथे. राहू दे उजवीकडे.”

दुपारपर्यंत डावी बाजू गच्च भरली आणि उजवीकडे जेमतेम चार ओळी राहिल्या. त्यातली एक मोठी होती. शेवट घाईत उरकला होता. खुनी स्वतःच येऊन सगळं कबूल करत होता. बाईंनी त्या ओळीवर पेन्सिल धरली आणि हळूच म्हणाल्या, “हे नाही लिहिलं तर? आधीच एकदा माझ्यामुळे...”

“म्हणजे एकदा न वाचता झोडपलंस, आता वाचून खोटं बोलणार?” नणंद कडाडली. “त्याला तुझी दया कशाला हवी? वाचणारं माणूस हवं होतं त्याला.”

गुरुवारी दीडला बाईंनी परीक्षण पाठवलं. कादंबरीनं काय करायचं ठरवलंय, त्यातलं काय साधलंय, शेवट कुठे ढासळलाय, हे सगळं त्यात होतं. आणि सुरुवातीला एक परिच्छेद होता. नऊ वर्षांपूर्वी या लेखकाचं पुस्तक मी नव्वदाव्या पानावर मिटलं. माझी गाजलेली ओळ चूक होती. खुनी मला कळलाच नव्हता.

दोन वाजता फोन आला.

“बाई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?” संपादकांचा आवाज चढला होता. “परीक्षण छापतो, पण हा परिच्छेद नको. उद्या लोक विचारतील, आणखी किती पुस्तकं न वाचता लिहिलंत म्हणून. तुमचं सोडा, पेपराची अब्रू जाते.”

“परिच्छेद जाणार असेल तर परीक्षणही काढा.”

“मग सदर बंद करावं लागेल. अठरा वर्षांचं.”

समोर नणंदेनं विणकामाच्या सुया खाली ठेवल्या होत्या.

“करा,” बाई म्हणाल्या.

“चारला कळवतो.” फोन बंद झाला.

त्या दोन तासांत नणंदेनं पंधरा टाके घातले आणि पंधराही उसवले. बाईंना सारखं वाटत होतं, आत्ता फोन उचलावा आणि म्हणावं, काढा तो परिच्छेद, कुणाचं काय अडलंय. चार वाजले. सव्वाचार झाले. फोन वाजला नाही. शुक्रवारी नाही, शनिवारीही नाही.

रविवारी पेपर आला तेव्हा बाईंना पुरवणी उलगडवेना. नणंदेनं ती ओढून घेतली आणि मोठ्यानं वाचली. परिच्छेद होता. एक शब्दही कापला नव्हता. खाली बारीक अक्षरांत सूचना होती, हे सदर काही काळ विश्रांती घेत आहे.

पत्रं आली. तीन कौतुकाची, वीसेक शिव्यांची. एका निवृत्त शिक्षकांनी विचारलं होतं, की तुमच्या शब्दावर विसंबून मी जी पुस्तकं वाचली नाहीत, ती आता मला या वयात कोण वाचून दाखवणार? ते पत्र बाईंनी बाकीच्यांत ठेवलं नाही. टेबलाच्या काचेखाली सरकवलं.

पुढच्या महिन्यात मेकॅनिक आला, दुसऱ्या मजल्यावरचं दार दुरुस्त केलं आणि रजिस्टर घेऊन समोर उभा राहिला. बाई उभ्या राहिल्या.

“मी तुमची माफी मागते.”

“पेपरात मागितलीत की.” त्यानं पिशवी खाली ठेवली. “तुमच्या त्या ओळीनंतर प्रकाशकानं माझं दुसरं हस्तलिखित परत पाठवलं. सहा वर्षं कागदाला हात लावला नाही मी. त्यामुळे झालं गेलं सोडून दिलं, असं काही मी म्हणणार नाही.”

“म्हणूही नका.” मग न राहवून बाईंनी विचारलं, “इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“वाचनालयाशी माझा करार लिफ्टचा आहे बाई, तुमचा नाही.” मिशीत हसू होतं की नाही, सांगणं कठीण होतं. “शेवटाबद्दल लिहिलंत ते मात्र खरं. बायको सहा महिने हेच सांगत होती. तिचं ऐकलं नाही, आता तुम्ही छापून आणलंत. घरात तोंड वर काढायची सोय राहिली नाही.”

त्यानं सही घेतली आणि पायऱ्यांनी खाली गेला.

त्या आठवड्यात बाईंनी अठरा वर्षांची कात्रणं जेवणाच्या टेबलावर पसरली. मनाशी खोटं न बोलता, शेवटपर्यंत न वाचलेल्या पुस्तकांच्या परीक्षणांवर त्या लाल खूण करत गेल्या. अशी अकरा पुस्तकं निघाली, सात रहस्यकथा, तीन प्रेमकथा, एक भुताची. वाचनालयातून ती एकेक करून घरी आली. वाचून झालं की बाई त्यावर नव्यानं लिहीत आणि संपादकांना पाठवत. तीन महिने उत्तर नव्हतं. चौथ्या महिन्यात एक छापून आलं, आतल्या पानावर, कोपऱ्यात.

भुताची कादंबरी त्यांनी सगळ्यात शेवटी घेतली. चारशे बारा पानं, सगळीच्या सगळी वाचली. नणंदेनं विचारलं, “काय मग?”

“भिकार आहे,” बाई म्हणाल्या आणि लिहायला बसल्या.