फेसातला जीव

कंपनीच्या मागच्या कोपऱ्यात, मशिनं गार करायच्या पाण्याच्या उघड्या टाक्याशी, पावसाळ्यात ठक-ठक ऐकू यायचं. रिकाम्या पिंपावर कुणी बोटाच्या पेरानं वाजवावं तसं. जवळ गेलं की बंद. झाडू मारणाऱ्या मावशी इथल्याच गावच्या. त्या म्हणायच्या, "तिथं आमची जुनी हिर बुजवलीया. कुणी हाक मारली तरी वळू नगंस." मी चंदगडकडच्या जंगलातल्या गावचा, सातवीतच शाळा सुटलेला, चाकणात माझं असं कुणी नाही. बागकामाला त्या कोपऱ्यात मलाच जावं लागायचं. मी मान वर न करता तण काढायचो.

एका सकाळी टाक्यावर वाकलेल्या झाडाच्या पानाला पांढऱ्या फेसाचा गोळा लटकलेला दिसला. इथली माणसं नदीवर कारखान्यांच्या पाण्याचा फेस बघत आलेली. सगळे म्हणाले, केमिकल गळतंय. दुपारी ऑडिटवाले येणार होते. सुपरवायझर साहेब म्हणाले, "प्रेशर पंप लाव, उडव ते."

मी पंप घेऊन गेलो. फेसाला वास नव्हता. वरच्या फांदीवर एक हिरवागार बेडूक डोळे उघडे ठेवून बसलेला. बोटांमधला पडदा लालभडक. आमच्या रानात डबक्यांवर असे गोळे लटकायचे. वडील आम्हाला वळसा घालून न्यायचे. पण इथं, या पत्र्याच्या शेडांमध्ये? पंप चालवला तर आतली पिल्लं जाणार, नाही चालवला तर माझं काम. मी पंप खाली ठेवला आणि साहेबांकडं गेलो.

"साहेब, बेडकाची अंडी आहेत."

"झाडावर? सकाळी सकाळी काय घेऊन आलास राव?"

"गावाकडं बघितलंय, साहेब."

ते हसत हसत आले आणि मान वर करून बघायला लागले. बेडूक त्यांच्याकडंच बघत होता. त्यांनी फोटो काढून बेडकांचा अभ्यास करणाऱ्या ओळखीच्या बाईंना पाठवला. बाईंनी लगेच फोन केला. घाटातल्या जंगलातला झाडबेडूक, पावसाळ्यात ठक-ठक असा ओरडतो, नर्सरीच्या रोपांबरोबर ट्रकमधून आला असणार. फेसाला हात लावू नका. टाक्यातल्या पाण्यात औषध असतं, त्यात पिल्लं मरतील, खाली पावसाचं पाणी ठेवा. पिल्लांना त्यांच्या रानात पोचवायचं आम्ही बघतो.

"ऑडिटवाल्यांना मी सांगतो," साहेब म्हणाले. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

टाक्यावर फळी टाकून टब ठेवला. फेस पिवळा पडत गेला. काही दिवसांनी, अंधारून आलेल्या दुपारी, तो ओघळायला लागला. थेंब टबात पडायचा आणि वळवळायचा.

"आगं आई! फेसाला शेपट्या हायती!" मावशी तोंडावर पदर धरून मागं सरल्या.

काही थेंब टबाच्या काठालाच चिकटले. मी बोट ओलं करून एकेक पिल्लू आत सरकवलं. ती गार शेपटी बोटाभोवती फिरायची तेव्हा अंगावर काटा यायचा. पण हात मागं घेतला नाही.