सोड्याच्या बाटल्यांना मुजरा

आता तुम्ही विचारलंच आहे, "काका, तुम्ही देशाकडून एकच सामना काहून खेळले?" तर चहा संपेपर्यंत सांगून टाकतो. लोकांना वाटतं, माझ्याविरुद्ध राजकारण झालं. मीही वर्षानुवर्षं तेच सांगत आलो. खरं म्हणजे माती मीच खाल्ली, आणि तीही दोन्ही हातांनी.

आमचे पणजोबा मराठ्यांच्या फौजेबरोबर जबलपुरात आले. फौज गेली, राज्य गेलं, आमच्या घरात फक्त मुजरा शिल्लक राहिला. बाबा सिव्हिल लाइन्सच्या कचेरीत कारकून. दिवसभर साहेबापुढे फायली धरायचे, पण दसऱ्याला आम्हा भावंडांना ओळीत उभं करून शिकवायचे. राजा दिसला की तीनदा वाकायचं, हात जमिनीपासून कपाळापर्यंत. बॅट माझ्या हातात फार नंतर आली.

असा मी देशाच्या संघात गेलो, इंग्रजांविरुद्ध खेळायला. कप्तान कोण? एका संस्थानाचे महाराज. खेळता येत होतं म्हणून? अहो, महाराज होते म्हणून. जेवणाची सुट्टी झाली तरी स्वारीचा पत्ता नव्हता. कारभार सगळा उपकप्तान बघायचे. जेवताना ते मला म्हणालेसुद्धा, "असाच खेळत राहा, पुढच्या सामन्यात तुझी जागा पक्की." त्या वाक्यावर मी जेवलोच नाही, इतकं पोट भरलं.

मी तेवीसवर होतो. एक चेंडू लांब टोलवला, पळून धाव काढली, क्रीजमध्ये पोहोचलो आणि मान वर केली. फाटकातून महाराजांची मोटर आत येत होती. पुढे झेंडा.

पाय आपोआप क्रीजबाहेर गेले. मुजऱ्याला ऐसपैस जागा लागते ना. बॅट बगलेत मारली आणि वाकलो.

"भैया, अंदर आओ, बॉल आ रहा है," पलीकडून जोडीदार ओरडला.

मला वाटलं, याला घरी कोणी काही शिकवलेलं दिसत नाही. दुसऱ्यांदा वाकलो. तेवढ्यात गोऱ्या बोलरने मागे बेल्स उडवल्या.

मोटरचं दार उघडलं. आत महाराज नव्हतेच. बर्फात घातलेल्या सोड्याच्या बाटल्या होत्या. स्वारी मागाहून यायची होती. बोलर पोट धरून हसत होता आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उपकप्तान भला माणूस. महाराज आल्यावर त्यांना म्हणाले, "हुजूर, साथी ने गलत कॉल दे दिया." महाराज "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि सोडा मागवला. पुढच्या सामन्याच्या यादीत माझं नाव राहिलं. आता सांगा, शहाण्या माणसानं इथं गप्प बसायला नको?

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, बाप आहे, पाठीवरून हात फिरवेल.

"तिसरा मुजरा केला ना?" एवढंच विचारलं त्यांनी.

"नाही बाबा. आउट झालो होतो."

"आउट झाला तर का कंबर मोडली होती? दोन मुजरे म्हणजे अपमान होते राजाचा. माफी माग."

"पण बाबा, गाडीत महाराज नव्हते. सोडा होता."

"झेंडा होता ना? मग?"

आणि मी, देशाचा खेळाडू, बसून महाराजांना माफीचं पत्र लिहिलं. मोटर, सोडा, दोन मुजरे, राहिलेला तिसरा, सगळं कबूल केलं, सुवाच्य अक्षरात. उपकप्तान माझ्यासाठी खोटं बोलले होते, तेही त्यात उघडं पडलं. त्यांचं पद गेलं. याचा राग अजून येतो. बाबांचा नाही, माझाच.

पंधरा दिवसांनी महाराजांच्या सेक्रेटरीचं उत्तर आलं. "महाराजांनी आपला मुजरा स्वीकारला आहे. पुढील सामन्यास येण्याची तसदी घेऊ नये."

बाबांनी पहिलं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि आमच्या मोहल्ल्यात, नेपियर टाउनात, पेढे वाटायला काढले. ताट घेऊन घरोघर मीच फिरलो. कोणी विचारलं तर सांगत होतो, महाराज आपल्यावर खूश आहेत.