जाड आट्यांचे प्लग

माझ्या बहिणीच्या लग्नात जेवणाच्या पंगती बसल्या तरी परबकाकांचा पत्ता नव्हता. शोधायला बाहेर आलो, तर दादरच्या त्या कार्यालयासमोर नवरदेवाच्या मामांची जुनी मोटार उभी, तिचं बॉनेट उघडं आणि काका कमरेपर्यंत आत. शेजारी ड्रायव्हर हवालदिल होऊन उभा.

“काका, प्लग काढलात तर मामांना घरी कसं नेऊ?”

“काढत नाय रे. बघतोय. ही गाडी मेली की कुणाकडं जाणार, तेवढं सांगून ठेव.”

लग्नाच्या मांडवाबाहेर हे बोलणं! पण काकांना जुनी मोटार दिसली की राहवायचं नाही. शर्टाच्या खिशात एक लोखंडी नट कायम असायचा, त्याच्या वजनाने त्यांचे सगळे खिसे फाटलेले. परबकाकी रफू करून करून कंटाळल्या होत्या.

रघुनाथ परब लालबागच्या चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. गिरणीच्या मोटार खात्यात होते, गाठी वाहणारे ट्रक त्यांच्या हाताखाली. माझे वडील दादरला एका कचेरीत कारकून. त्यामुळे गिरण्यांच्या संपाच्या काळात मजल्यावर फक्त आमच्या घरात पगार यायचा आणि आम्ही जरा मान खाली घालूनच वावरायचो.

चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचा एक ट्रक होता. लढाईनंतर लष्कराने मोडीत काढलेला, पेट्रोलवर चालणारा. वर्षातून एकदा त्यावरून गणपती जायचा आणि बाकी वर्षभर चाळीतली मयतं. संप लांबला तसा हा दुसरा उपयोग वाढत गेला. कुणी दारूने गेलं, कुणी क्षयाने, कुणी नुसतंच बसून बसून. गाडी भाड्याने आणायची कुणाची ऐपत उरली नव्हती, तेव्हा ट्रक चालता ठेवणं हे काकांनी आपलं काम मानलं. त्या इंजिनाला जाड आट्यांचे जुने प्लग लागायचे आणि बाजारात सगळीकडे बारीक आट्यांचे. म्हणून दर शुक्रवारी काका चोरबाजारात, नाहीतर कुर्ल्याच्या भंगारात. नट हे त्यांचं माप. सापडलेला प्लग नटात फिरवायचा. हाताने शेवटच्या आट्यापर्यंत गेला तर घ्यायचा, अडला तर ठेवून द्यायचा.

“पान्याने काय, कुठला पण बसवशील,” ते म्हणायचे. “हाताने जाईल तोच आपला.”

हा नियम त्यांनी एकदाच मोडला. दुसऱ्या मजल्यावरच्या महादेवने संपाला वर्ष उलटल्यावर गळफास घेतला. पंचवीसचाही नव्हता. ट्रकला एक प्लग कमी होता, म्हणून काकांनी बारीक प्लगाला पितळी बुश, म्हणजे मधलं कडं, लावून तो कसाबसा बसवला. भोईवाड्याच्या स्मशानाच्या वाटेवर बुश ढिला झाला. ट्रकने दोन आचके दिले आणि भर रस्त्यात बंद पडला. महादेवचे वडील मुलाच्या उशाशी बसले होते. त्यांनी वर पाहिलं.

“थांबला काय? बघा, त्याला जायचं नाय,” असं म्हणून ते मुलाच्या तोंडावरचं कापड सोडायला लागले.

त्यांचे हात धरावे लागले. लोकांनी ट्रक ढकलत स्मशानापर्यंत नेला. आत स्टिअरिंग धरून काका रडत होते. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं. त्यानंतर एक वाक्य त्यांच्या तोंडी कायमचं बसलं. जिन्यात, नळावर, कुणी विचारो न विचारो, ते म्हणायचे, “मयत वाटेत अडता कामा नाय. बापाला आशा लागते.”

आता सीताराम कदमांबद्दल सांगायला हवं. हे काकांचे जोडीदार. एका गावचे, एका खात्यातले, खोल्या समोरासमोर. संपात सीताराम ‘आत’ गेले, म्हणजे पोलिसांच्या गाडीत बसून गिरणीच्या गेटातून कामावर गेले. त्यांच्या बायकोला, शेवंताकाकींना, क्षय झाला होता आणि इंजेक्शनं थांबवता येत नव्हती. हे कारण सगळ्या चाळीला माहीत होतं. तरीही त्या घराशी बोलणं बंद झालं. सगळ्यांत कडक परबकाका. त्यांनी आपल्या दाराला जाड पडदा लावला आणि समोरचं दार दिसू नये म्हणून तो दिवसभर ओढलेला ठेवला. मला ते तेव्हाही क्रूर वाटायचं आणि आजही वाटतं.

शेवंताकाकी बऱ्या झाल्या. पुढे गिरणीलाच टाळं लागलं. आत गेलेले आणि बाहेर राहिलेले, सगळे सारखेच रस्त्यावर आले. मोटार खात्यातलं पडीक सामान हवं ते घेऊन जा, असं कामगारांना सांगितलं गेलं, तेव्हा सीतारामनी एक पत्र्याचा डबा तेवढा आणला. त्यात सहा प्लग होते. जाड आट्यांचे, मेणकागदात गुंडाळलेले, एकदाही न वापरलेले. डबा घेऊन ते काकांच्या पडद्याबाहेर उभे राहिले. मी गॅलरीत होतो.

“रघ्या, ट्रकचे प्लग आणलेत.”

पडदा हलला नाही. “आतला माल नको,” काकांचा आवाज आला. “संप मागे घेतलेला नाय अजून.”

“अरे, गिरणीच ऱ्हायली नाय.”

“संप ऱ्हायलाय.”

ते खोटं नव्हतं. संप संपला असं कुणी कधी सांगितलंच नव्हतं. सीताराम डबा घेऊन आपल्या खोलीत गेले. पुढच्या शुक्रवारी काका पुन्हा नट घेऊन चोरबाजारात.

काही वर्षांनी सीताराम छातीत कळ येऊन गेले. चाळीतली माणसं गॅलऱ्यांत उभी राहिली, खाली कुणी उतरेना. त्यांचा मुलगा विलास, विलासचे दोन म्हातारे मामा आणि मी, अशा चौघांनी तिरडी अंगणात आणली. तेवढ्यातच मामांचा जीव घाबरा झाला. पुढे भोईवाड्यापर्यंत कसं न्यायचं, कळेना.

तेव्हा परबकाका पडद्याबाहेर आले. हातात पान्यांची पिशवी. तिरडीकडे न बघता ट्रकपाशी गेले आणि हँडल मारलं. पुन्हा मारलं. ट्रक नुसता खोकत राहिला. जुने प्लग पार गेलेले होते. शेवंताकाकी जिना उतरून आल्या आणि त्यांनी तो डबा काकांच्या पायाशी ठेवला.

काका खाली बसले, एक प्लग काढून नटात फिरवला. तो अलगद शेवटच्या आट्यापर्यंत गेला.

“त्याचेच हायत,” ते स्वतःशीच म्हणाले. “त्याला लागू दे.”

सहा प्लग बसले आणि ट्रक पहिल्या हँडलला सुरू झाला. वाटेत कुठे अडला नाही. स्मशानात काका खाली उतरले नाहीत. परत आल्यावर त्यांनी गरम प्लग फडक्यात धरून एकेक काढले, पुसले, मेणकागदात गुंडाळले आणि डबा कदमांच्या उंबऱ्यावर ठेवला.

“काम झालं, वहिनी.”

पडद्याबाहेर येऊन त्या घराशी इतक्या वर्षांत बोललेले हे तीनच शब्द. मला संताप आला. “काका, आता तरी ठेवून घ्यायचे होते,” मी म्हणालो.

“आणि संपापायी पोर गेलेल्या महादेवच्या बापाला काय सांगू? आतला माल ठेवला म्हणून?” असं विचारून ते पडद्याआड गेले.

त्यानंतर तसे प्लग कुठे मिळाले नाहीत आणि ट्रक पुन्हा चालला नाही. अंगणात गंजत राहिला. खोल्या विकून माणसं विरार-बदलापूरला गेली, कुणी गावी गेलं. काका गेले तेव्हा चाळीत त्यांचा जावई, पुतण्या आणि मी, एवढेच खांदा देण्याजोगे. बाकी समोरचं कदमांचं घर आणि तळमजल्यावरची दोन-तीन म्हातारी माणसं.

शेवंताकाकी तोच डबा घेऊन आल्या. “हे लावा,” म्हणाल्या.

परबकाकींनी डबा मांडीवर घेतला, झाकणावरून हात फिरवला. “शेवंता, हे लावले तर ते उठून बसतील गो,” त्या म्हणाल्या आणि डबा परत दिला. दोघी एकमेकींना धरून रडल्या.

विलास दारात उभा होता. त्याने टॉवेलची घडी खांद्यावर ठेवली आणि न विचारता तिरडीच्या चौथ्या टोकाशी वाकला. परबकाकी उठल्या. त्यांनी दाराचा पडदा ओढून खिळ्याला अडकवला, तिरडीला वाट व्हावी म्हणून.

खांदा बदलायला पाचवा माणूस नव्हता. भोईवाड्याच्या अलीकडे तिरडी रस्त्याच्या कडेला टेकवावी लागली. विलास धापा टाकत गुडघ्यांवर बसला. काका त्याच्याशी तो लहान असल्यापासून एक शब्द बोलले नव्हते.

“चला, उठा लवकर,” तो आम्हाला म्हणाला. “मयत वाटेत अडलेलं काकांना चालायचं नाय.”