हाडांतलं रक्त

मंगळवारी अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की बायकोला रक्ताचा कर्करोग आहे. आम्ही बसने अमरावतीला परत आलो.

केमो सुरू झाली. त्या औषधांनी रोगाबरोबर हाडांतली मज्जाही थकवली. पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या की साध्या सर्दीचीही भीती वाटे. बायकोचा धाकटा भाऊ वलगावला शेती करतो. दर दोन दिवसांनी तो बांधावरच्या निंबावर चढलेली गुळवेल तोडून आणायचा. दुसऱ्या झाडावरची त्याला चालत नसे. काढा स्वतः उकळायचा आणि समोर उभा राहायचा.

"पी ताई. यानं पेशी वाढतेत."

"तूच पिऊन पाह्य पहिले," म्हणत ती पिऊन टाकायची.

डॉक्टरांना आम्ही सांगितलं नाही. घरचंच तर आहे, असं मलाही वाटलं. पुढच्या तपासणीत यकृत बिघडलेलं निघालं आणि केमो पुढे ढकलावी लागली. तेव्हा मी सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. काढ्यानेच झालं असं ठाम सांगता येणार नाही, पण काहींच्या यकृताला गुळवेल बाधते, म्हणाले. मज्जेला पेशी बनवायला लावणारं इंजेक्शन वेगळं असतं, हेही त्यांनी सांगितलं.

हे कळल्यावर मेव्हणा आठवडाभर फिरकला नाही. पुढे तिला दुसऱ्याची मज्जा लागेल असं ठरलं, आणि त्याची जुळली. त्यासाठी नागपूरला त्याने रोज तेच इंजेक्शन पोटात घेतलं. त्या इंजेक्शनने मज्जेतल्या मूळपेशी रक्तात उतरतात, मग यंत्र त्या वेगळ्या काढतं. त्याची कंबर, मांड्या ठणकू लागल्या.

"भाऊजी, हाडात कोणी नांगर चालवून राहिलं जसं."

बायको तिथेच, संसर्ग टाळायला वेगळ्या खोलीत होती. मी फोन लावून दिला.

"कावून रे, काढा पाठवू काय तुले?" ती म्हणाली. तो इतका हसला की नर्स बघायला आली.

त्याच्या मूळपेशी चढवल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिच्या रक्तात पांढऱ्या पेशी दिसू लागल्या. पुढे तिचा रक्तगटही बदलून भावाचा झाला. दीड वर्ष ती घरी होती. लोणचं घातलं, वाचनालयातून पुस्तकं आणवली, वाचता वाचता मला मोठ्याने ऐकवली. मग आजार परतला आणि ती गेली.

काढ्याने उशीर झाला, हे मेव्हण्याच्या मनातून जात नाही. मी त्याला म्हणतो, तो काढा मीही थांबवला नाही. आणि ते दीड वर्ष तू दिलंस.

आता घरात मी आहे. मेव्हणा रविवारी येतो आणि आम्ही दोघं जेवतो.